मोटारहोमने देशोदेशी सावकाश फिरायचंय? निघण्याआधी हे क्रमाने करा

मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन महिनोन्महिने फिरायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाडीचे फोटो बघत बसतात, कुठलं मॉडेल, बेड आडवा की उभा, छतावर सोलर किती वॅटचं. ते सगळं लागतंच, पण सावकाश प्रवासात खरा घोळ होतो तो मुदतींचा. पंधरा दिवसांच्या सुट्टीत कुठलाच कागद संपत नाही. आठ-दहा महिने रस्त्यावर असाल तर एकेक करून सगळेच संपायला लागतात, व्हिसा, गाडीचा परदेशात राहण्याचा काळ, इन्शुरन्स, गाडीची वार्षिक तपासणी, आणि ते कधीच एकाच दिवशी संपत नाहीत. आम्ही दोघं यातून गेलोय आणि नव्याने निघणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून एकदा सगळं ओळीने लिहून काढते.

१. आधी मुदतींचा तक्ता करा, नकाशा नंतर

एक कागद घ्या, चार रकाने पाडा: माणसं, गाडी, इन्शुरन्स, तपासणी. ज्या ज्या देशात जायचंय त्याच्यासमोर प्रत्येक रकान्यात किती दिवस मिळतात ते लिहा.

माणसांचं पहिलं. युरोपात शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस असा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण त्यांना वाटतं बाहेर पडून परत आत आलो की मोजणी शून्यावर येते. तसं होत नाही. तुम्ही ज्या दिवशी आत असाल त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत काढलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. आत आल्याचा दिवसही मोजतात, बाहेर पडल्याचाही मोजतात. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीत आलं, रोमानिया आणि बल्गेरियाच्या रस्त्यावरच्या बॉर्डर २०२५ च्या जानेवारीपासून त्यात धरल्या, त्यामुळे जुन्या लेखांमध्ये 'दिवस संपले की बल्गेरियात जाऊन थांबा' असं लिहिलेलं असेल तर ते आता चालत नाही. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणजे दिवस आता मशीनच मोजतं.

शेंगेनचे दिवस संपत आले की अल्बानिया, माँटेनेग्रो, बोस्निया, सर्बिया, तुर्कस्तान, जॉर्जिया, मोरोक्को, ब्रिटन, आयर्लंड असे बाहेरचे देश उपयोगी पडतात. सावकाश फिरणारे मुळात हेच करतात, तीन महिने आत, तीन महिने बाहेर. पण तुमच्या पासपोर्टला या प्रत्येक देशाचा व्हिसा लागतो का, ते वेगवेगळं बघावं लागतं.

व्हिसा घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करा: मल्टिपल एन्ट्रीच मागा. सिंगल एन्ट्रीवर असाल तर क्रोएशियाच्या किनाऱ्याने डुब्रोव्हनिककडे जाताना नेउमपाशी बोस्नियाची एक छोटीशी पट्टी समुद्रापर्यंत आलेली आहे, जुना रस्ता तिथूनच जातो, आणि त्यात शिरलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परत आत येता येणार नाही. २०२२ च्या जुलैमध्ये पेल्येशाट्सचा पूल सुरू झाल्यापासून ही पट्टी टाळून क्रोएशियातूनच पुढे जाता येतं. नॅव्हिगेशनने जुना रस्ता दाखवला तरी पुलावरूनच जा.

आता गाडीचं. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही की गाडीचे दिवस वेगळे मोजतात. युरोपियन युनियनच्या बाहेरची नंबरप्लेट आणि बाहेरचाच रहिवासी असेल तर खासगी गाडी साधारण सहा महिने कर न भरता आत ठेवता येते. मोरोक्कोत बऱ्याच देशांच्या लोकांना ९० दिवस मिळतात पण गाडीला सहा महिने. कुठे माणसाला जास्त, कुठे गाडीला. जी मुदत आधी संपते तीच तुमची खरी मुदत.

२. मार्ग ठरवताना बंद बॉर्डर आधी शोधा

नकाशावर रस्ता दिसतो म्हणजे जाता येतं असं नाही. तुर्कस्तान आणि आर्मेनियामधली बॉर्डर १९९३ मध्ये बंद झाली, अल्जीरिया आणि मोरोक्कोमधली १९९४ मध्ये. अझरबैजानने २०२० च्या मार्चमध्ये जमिनीवरच्या बॉर्डर प्रवाशांसाठी बंद केल्या त्या पुढे कित्येक वर्षं उघडल्याच नाहीत, आणि त्यामुळे जॉर्जियातून कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानला जायचा लोकांचा आवडता मार्गच तुटला. अमेरिका खंडात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यांना पनामा आणि कोलंबियामध्ये डारिएन गॅप लागतो, तिथे साधारण १०० किलोमीटर रस्ताच नाही, गाडी जहाजाने पाठवावी लागते. चीनमध्ये परदेशी गाडी नेता येते, पण सोबत अधिकृत गाइड, तात्पुरती नंबरप्लेट आणि तात्पुरतं लायसन्स घेऊन, म्हणजे तिथे 'मनाला येईल तिथे थांबू' हा प्रकार संपला.

म्हणून प्रत्येक बॉर्डरपाशी तीन प्रश्न विचारा: ती चालू आहे का, माझ्या पासपोर्टला चालते का, माझ्या गाडीला चालते का. काही नाकी फक्त स्थानिक लोकांसाठी असतात, काही रात्री बंद होतात. आणि ही माहिती निघताना एकदा आणि बॉर्डरच्या आठवडाभर आधी परत एकदा काढा.

ऋतूचंही इथेच बघून घ्या. डोंगरातल्या उंच खिंडी हिवाळ्यात सरळ बंद असतात, आणि मोठी गाडी घेऊन बर्फात सापडण्यात काही मजा नाही.

३. कागदपत्रं

ही यादी प्रिंट करून फाइलमध्ये लावा, शिवाय स्कॅन फोनमध्ये आणि क्लाउडवर:

- पासपोर्ट, व्हिसा, पासपोर्टचे बरेचसे झेरॉक्स आणि फोटो
- गाडीचं मूळ रजिस्ट्रेशन (बॉर्डरवर झेरॉक्स चालत नाही)
- गाडी दुसऱ्याच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र, भाषांतरासकट
- ड्रायव्हिंग लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट
- इन्शुरन्स आणि ग्रीन कार्ड (गाडीचा इन्शुरन्स परदेशात चालतो हे दाखवणारं)
- गाडीच्या तपासणीचं प्रमाणपत्र
- जिथे लागतं तिथे कार्नेट (गाडी तात्पुरती आत न्यायचा कस्टम्सचा कागद, खाली सांगितलंय)
- प्रवासाचा आरोग्य विमा
- गॅस सिस्टीमच्या तपासणीचा कागद असेल तर तोही, काही फेरीबोटींवर विचारतात

इंटरनॅशनल परमिटचे प्रकार आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९४९ च्या करारावरचं परमिट एक वर्ष चालतं, १९६८ च्या करारावरचं तीन वर्षांपर्यंत, आणि कुठला देश कुठलं मानतो ते वेगळं आहे. लांबच्या मार्गावर कधी कधी दोन्ही जवळ ठेवावी लागतात.

ग्रीन कार्डवर देशांच्या कोडचे चौकोन छापलेले असतात. ज्या चौकोनावर काट मारलेली आहे तिथे तुमचा इन्शुरन्स चालत नाही. हे कार्ड हातात आल्या आल्या बघा, बॉर्डरवर नाही. कोसोव्हो या व्यवस्थेतच नाही, तिथे नाक्यावर वेगळा इन्शुरन्स विकत घ्यायचा. जॉर्जियातही २०१८ च्या मार्चपासून परदेशी गाडीला स्थानिक थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे.

आणि सावकाश फिरणाऱ्यांसाठी मोठा सापळा हा: बऱ्याच पॉलिसींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गाडी सलग अमुक दिवसच देशाबाहेर असली पाहिजे. वर्षाचे पैसे भरलेत म्हणजे वर्षभर बाहेर चालेल असं धरू नका, विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तपासणीचंही तसंच, गाडीची वार्षिक तपासणी सहसा जिथे नोंदणी आहे त्याच देशात होते, ती प्रवासात संपली तर इन्शुरन्सवाले क्लेम अडवू शकतात. निघायच्या अगदी आधी तपासणी करून घ्या म्हणजे पूर्ण काळ हातात मिळतो.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्टच. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा देशांत परदेशी गाडी तात्पुरती न्यायला लागतो, तो ऑटोमोबाइल क्लब देतो, बदल्यात मोठी रक्कम किंवा बँक गॅरंटी अडकते, आणि तो एक वर्ष चालतो. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत जाताना एक भाग कस्टम्सवाला फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा तुमच्याकडे राहतो त्यावर आत-बाहेर दोन्हीचे शिक्के लागतात. बाहेर पडतानाचा शिक्का नसला तर कागदोपत्री तुमची गाडी त्या देशातच आहे, आणि मग आयात कराची नोटीस येते. खिडकीवरून हलायच्या आधी पान उलटून शिक्का, तारीख आणि सही वाचा. मागे ट्रकवाले कितीही हॉर्न मारोत.

४. गाडी निवडा आणि वजन करून घ्या

युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर एकूण ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते आणि बहुतेक मोटारहोम कागदावर बरोब्बर या आकड्यात बसवलेली असतात. अडचण अशी की रिकामी गाडीच ३,००० च्या आसपास असते. मग १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, दोन माणसं, गॅसच्या बाटल्या, सायकली, मागचा रॅक, बाजूला उघडायचं कापडी छत, जास्तीची बॅटरी, आणि बघता बघता गाडी ओव्हरलोड. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

पूर्ण भरलेली गाडी घेऊन वजनकाट्यावर जा, माणसं आत बसवून. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकूण वजन बसलं तरी मागचा अ‍ॅक्सल जास्त भरलेला असतो कारण सायकल रॅक आणि डिकी सगळं मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असतं. ३,५०० च्या वरची गाडी घ्यायची असेल तर लायसन्स वेगळं, टोल वेगळा (ऑस्ट्रियात व्हिन्येट, म्हणजे हायवेच्या टोलचा पास, त्याऐवजी टोल मोजणारी वेगळी पेटी बसवावी लागते), आणि फ्रान्समध्ये ब्लाइंड स्पॉटचे (ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजू दाखवणारे) स्टिकर लावावे लागतात.

लांबी मी सहा मीटरच्या आसपास ठेवीन. साडेसात मीटरची गाडी उभी असताना फार छान वाटते पण जुन्या गावांच्या गल्ल्यांमध्ये जीव नकोसा होतो.

टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहून शेवटी चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी छान दिसत असली तरी तारीख बघा, सेकंडहँड गाडी घेताना तर नक्कीच.

युरो ६ (युरोपच्या प्रदूषणाच्या नव्या निकषातल्या) डिझेल इंजिनाला कमी सल्फरचं डिझेल लागतं, आशिया-आफ्रिकेत काही ठिकाणी ते मिळत नाही आणि एक्झॉस्टचा फिल्टर चोक होतो. एडब्लू, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारं द्रव, तेही लागतं, ते उणे ११ अंशाला गोठतं आणि दूरच्या देशांत शोधावं लागतं. युरोपच्या आतच राहणार असाल तर नवी गाडी बरी, पूर्वेला लांब जाणार असाल तर जुनं साधं इंजिन जास्त सुखाचं. पण जुन्या डिझेलला युरोपातल्या बऱ्याच शहरांत प्रवेश नाही, जर्मनीत हिरवा स्टिकर लागतो, फ्रान्सच्या काही शहरांत क्रिटएअर. दोन्ही बाजू बघून ठरवा.

५. पाणी आणि टॉयलेट

पाणी भरायच्या जागेवर बहुतेक वेळा दोन नळ असतात. एक प्यायच्या पाण्याचा, दुसरा टॉयलेटची कॅसेट, म्हणजे बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी, धुवायचा. दुसऱ्या नळातून टाकी कधीच भरू नका, कारण लोक कॅसेट विसळताना त्या नळाचं तोंड सरळ आत घालतात. आणि पहिल्या नळाला कोणी काय लावलं असेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही आधी नळाचं तोंड जंतुनाशकाने पुसतो, मिनिटभर पाणी वाहू देतो, मग स्वतःचाच खाण्यापिण्यासाठीचा पाइप लावतो. नळाच्या आट्यांचे माप देशागणिक बदलतात, तीन-चार अडॅप्टर आणि कुठल्याही नळावर बसणारी एक रबरी टोपी ठेवा.

जपून वापरलं तर दोघांना दिवसाला २० ते ३० लिटर पुरतं. कॅसेट १७ ते २० लिटरची असते, दोघांत तीनेक दिवस. ती फक्त ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची, रस्त्याच्या गटारात किंवा झाडीत नाही, आणि भांड्यांचं सांडपाणीही चालता चालता रस्त्यावर सोडायचं नाही. एका गाडीने केलेली घाण गावकऱ्यांच्या लक्षात राहते आणि पुढच्या वर्षी तिथे मोटारहोमला बंदीची पाटी लागते. मला याचा खरंच राग येतो, कारण चांगल्या चांगल्या जागा अशाच गेल्यात.

६. वीज आणि गॅस

कॅम्पसाइटवर वीज मिळते म्हणजे घरासारखी मिळते असं नाही. खूप ठिकाणी फक्त ६ अँपिअर असतात. २,००० वॅटची किटली २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते, लावली की खटका पडतो, आणि खटक्याची पेटी कुलपात असते, मग रात्री ऑफिस बंद झाल्यावर सकाळपर्यंत अंधारात बसा. १,००० वॅटच्या आतली किटली घ्या. २५ मीटरची, २.५ चौरस मिलिमीटरची केबल आणि निळा तीन पिनचा प्लग युरोपात जवळपास सगळीकडे चालतो. केबल रीळवर असेल तर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली केबल तापते आणि वितळते.

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, ती कायमची खराब होते. हिवाळ्यात फिरणार असाल तर ती आतल्या भागात बसवा किंवा हीटरवाली घ्या.

गॅसचं मात्र डोकं पिकतं. एका देशाची बाटली दुसऱ्या देशात बदलून मिळत नाही. लांबच्या प्रवासाला पंपावर भरता येणारी एलपीजीची टाकी बरी, पण युरोपातच पंपाच्या नोझलचे चार प्रकार आहेत, त्यांचे अडॅप्टर लागतात, ते आधीच घ्या. थंडीत प्रोपेन पाहिजे, ब्यूटेन शून्याच्या आसपास आलं की गॅस बनायचंच थांबतं, बाटली भरलेली असते आणि चूल पेटत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय गाडीत एक रात्रही झोपू नका.

७. रात्री कुठे थांबायचं

प्रत्येक देशाचं वेगळं. फ्रान्समध्ये गावोगावी मोटारहोमच्या जागा आहेत, त्यांना 'एर' म्हणतात, जर्मनीत 'श्टेलप्लात्स', दोन्हीकडे पाणी आणि कॅसेटची सोय सहसा असते. क्रोएशियात कॅम्पसाइटबाहेर झोपणं बेकायदा आहे आणि दंड होतो. स्वीडन-नॉर्वेत निसर्गात कुठेही राहायचा हक्क आहे असं लोक सांगतात, तो पायी फिरणाऱ्यांचा आहे, गाडी रस्ता सोडून आत न्यायला परवानगी नाही.

जागेवर उजेडात पोहोचा, शक्यतो चारच्या आत. जमीन मऊ आहे का ते उतरून पायाने दाबून बघा. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा म्हणजे मध्यरात्री निघावंसं वाटलं तर नुसती किल्ली फिरवायची. आणि जागा मनाला पटली नाही तर कारण शोधत बसू नका, निघा.

८. रोजचं चालवणं

मॅप जो वेळ दाखवतो तो कारचा असतो, त्यात एक तृतीयांश वाढवा. दिवसाला १५० ते २०० किलोमीटर पुष्कळ झाले आणि एका दिवसाआड गाडी हलवायचीच नाही. मोठी गाडी १०० किलोमीटरला १० ते १२ लिटर पिते, म्हणजे खर्च कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग कमी चालवणं हाच.

गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. उंची छतावरच्या एसी आणि अँटेनासकट मोजा. पुलाखाली शिरताना कॅटलॉगमधला आकडा आठवत बसायला वेळ नसतो.

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, हंगेरी, बल्गेरियात हायवेवर चढायच्या आधी व्हिन्येट घ्यावं लागतं. इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल (ZTL) लिहिलेल्या, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या, भागात कॅमेरे असतात, कोणी अडवत नाही, दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो. शहर बघायचं तर गाडी बाहेर ठेवून बसने जा.

९. गाडी मध्येच ठेवून घरी यायचं असेल तर

लांबच्या प्रवासात हे होतंच, घरी कोणी आजारी पडतं, लग्न असतं. इथे परत गाडीची मुदत आडवी येते. तुर्कस्तान आणि मोरोक्कोत गाडी तुमच्या पासपोर्टवर नोंदलेली असते, गाडी सोडून विमानाने निघायचं तर आधी कस्टम्सकडे जाऊन परवानगी काढावी लागते, नाहीतर एअरपोर्टवरच अडवतात. म्हणून असा ब्रेक शक्यतो ज्या देशात माणूस आणि गाडी वेगळी झाली तरी चालते अशा ठिकाणी घ्या, आणि तिथे पेड स्टोरेज बघा.

ठेवताना पाण्याची टाकी, बॉयलर आणि पाइप पूर्ण रिकामे करा, नळ अर्धे उघडे ठेवा, फ्रिजचं दार फटीत काहीतरी अडकवून उघडं ठेवा नाहीतर आत बुरशी धरते, गॅस बाटलीपाशी बंद करा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. स्टोरेजवाल्याकडून तारीख असलेली पावती घ्या, परत आल्यावर कस्टम्सने विचारलं की गाडी इतके दिवस कुठे होती तर तीच दाखवायची. रजिस्ट्रेशनचा मूळ कागद मात्र गाडीत ठेवू नका, सोबत घरी आणा.